काळ्या रंगाची बाटली

१९८४ च्या पावसाळ्यात चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेचा सराव चालू असताना आमच्या चित्रकलेच्या सरांनी स्मरणचित्रासाठी ‘दिवाळीची रात्र’ हा विषय दिला, तेव्हा मी सबंध कागद काळ्या पोस्टर कलरने भरून काढला आणि दात घासायचा जुना ब्रश पांढऱ्या रंगात बुडवून त्यावर चांदण्या उडवल्या. शेजारच्या बाकावरच्या मुलांना तो प्रकार फार आवडला. सरांनी मात्र कागदाकडे पाहून माझ्या पेटीतली काळ्या रंगाची बाटली उचलली, ‘ही आता माझ्याकडे’ एवढेच म्हणाले आणि कपाटातून एका जुन्या कॅलेंडरचे पान काढून फळ्यावर लावले.

ते चित्र व्हिन्सेंट व्हॅन गॉगचे होते. दक्षिण फ्रान्समधल्या आर्ल गावी, सप्टेंबर १८८८ मध्ये, घरापासून दोन मिनिटांच्या अंतरावरच्या ऱ्होन नदीच्या काठी त्याने ते रंगवले. (गरगरणाऱ्या आभाळाचे, सर्वांच्या परिचयाचे ‘स्टारी नाइट’ हे चित्र त्यानंतरचे, १८८९ चे.) वर निळसर हिरवे आभाळ, खाली गडद निळे पाणी, पलीकडच्या काठावर गॅसच्या दिव्यांची रांग, त्या दिव्यांचे पाण्यात उतरलेले सोनेरी पट्टे आणि उजव्या कोपऱ्यात हातात हात घालून चाललेले एक जोडपे. ‘यात काळा शोधा,’ असे सांगून सर खिडकीपाशी जाऊन उभे राहिले. आम्हाला त्याऐवजी आभाळातले सप्तर्षी सापडले आणि परदेशी चित्रात ओळखीचे कुणी भेटल्याचा आनंद झाला.

त्या महिन्यातल्या अमावस्येला सर आम्हा पाच जणांना रात्री धक्क्यावर घेऊन गेले. आभाळाचा रंग कोणता, या प्रश्नाला कुणीतरी ‘काळा’ असे उत्तर दिल्यावर त्यांनी तो खाडीपलीकडच्या डोंगराशी ताडून पाहायला सांगितले, आणि डोंगराच्या शेजारी आभाळ हळूहळू निळे, मग कडेला किंचित जांभळे दिसू लागले. समोरच्या तीरावर मासळी उतरवणाऱ्यांच्या दोन गॅसबत्त्या होत्या. बत्ती गोल असताना तिचे प्रतिबिंब लांबट पट्टा होऊन आपल्या पायांपर्यंत का येते, हे आम्हाला सांगता येईना, तेव्हा सर म्हणाले, ‘प्रत्येक लाट हा एक कललेला आरसा आहे.’ पदार्थविज्ञानाच्या तासाला परावर्तनाचे नियम मी पाठ म्हणत असे. ते समजले त्या रात्री.

२०११ मध्ये पॅरिसच्या ऑर्से संग्रहालयात मूळ चित्रासमोर उभा राहिलो, तेव्हा ते कॅलेंडरच्या पानाहून फार मोठे नाही, जेमतेम ७३ बाय ९२ सेंटीमीटर, हे पाहून आधी थोडा हिरमोड झाला. जवळ गेल्यावर मात्र दिसले की प्रतिबिंबांचे ते उभे पट्टे आडव्या, तोकड्या फटकाऱ्यांनी रचलेले आहेत, म्हणजे एकेक फटकारा ही एकेक लाट आहे. आणि ताऱ्यांच्या जागी रंगाचा जाड थर कॅनव्हासवर उठून आला आहे. छापील पानावर यातले काहीच कळण्यासारखे नव्हते.

पुढे व्हॅन गॉगची पत्रे वाचली. टोपीवर मेणबत्त्या लावून तो रात्री चित्रे काढी, ही सरांनी रंगवून सांगितलेली गोष्ट आख्यायिकाच असावी, कारण हे चित्र गॅसच्या दिव्याखाली रंगवल्याचे त्याने भावाला, थिओला, स्वतःच कळवले आहे. बहिणीला लिहिलेल्या पत्रात तर रात्र दिवसाहून अधिक रंगीत असते आणि निळ्या-काळ्यावर पांढरे ठिपके दिले म्हणजे तारांकित आभाळ होत नाही, असे तो म्हणतो. ते वाचताना मला माझा दात घासायचा ब्रश आठवला. सप्तर्षींचेही कोडे आहे. नदीचे ते वळण नैर्ऋत्येकडे पाहून रंगवलेले आहे आणि सप्तर्षी तर उत्तरेला असतात. जागेवर बसून, डोळ्यांसमोरचे रंगवणाऱ्या माणसाने पाठीमागचे आभाळ उचलून समोर ठेवले. डोळ्यांना दिसते तेवढ्यावरच न थांबणाऱ्या अशा चित्रकारांना ‘उत्तर-दृक्प्रत्ययवादी’ (पोस्ट-इम्प्रेशनिस्ट) हे नाव १९१० मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर वीस वर्षांनी मिळाले. मला त्या नावापेक्षा ही उचलाउचल अधिक बोलकी वाटते.

परीक्षेत मला ‘ब’ श्रेणी मिळाली. दहावीच्या निरोप समारंभानंतर सरांनी कपाट उघडून माझी बाटली परत केली. आतला रंग सुकून त्याचा खडा झाला होता आणि घरी जाईपर्यंत तो दप्तरात खुळखुळत होता.