आठ महिने बिनकार्डाचा गेमिंग पीसी

झाला एकदाचा. म्हणजे कॅबिनेटचं एका बाजूचं झाकण अजून धड बसत नाही आणि एक स्क्रू कुठे घरंगळला ते देवाला माहीत, पण गेम चालतायत आणि उसनवारी न करता चालतायत, त्यामुळे आपण खूश.

कुठेही विचारा, सल्ला एकच मिळतो की निम्मं बजेट ग्राफिक्स कार्डला ठेव. सल्ला चुकीचा नाहीये, पण माझं अख्खं बजेटच एवढुसं होतं की त्याच्या निम्म्यात जे कार्ड आलं असतं ते वर्षभरात विकायला काढावं लागलं असतं. मग ठरवलं की सध्या कार्ड घ्यायचंच नाही. बाकीचा पीसी असा जोडायचा की उद्या कार्ड आलं की नुसतं खोचायचं, दुसरं काही बदलायला लागता कामा नये. लोकांनी वेड्यात काढलं, गेमिंग पीसी आणि कार्ड नाही म्हणजे काय म्हणे.

प्रोसेसर घेतला रायझन ५ ५६००जी. ६ कोर, १२ थ्रेड, ग्राफिक्स आतच आणि कूलर बॉक्समध्येच येतो, म्हणजे तिथेही वाचले. एएम४ सॉकेट (बोर्डावर प्रोसेसर बसतो ती जागा) २०१६ पासूनचं, त्यामुळे सेकंड हँड मदरबोर्ड ढिगाने मिळतात. मी बी४५० उचलला. फक्त जुना बी४५० घेताना त्याचं बायोस (बोर्डाचं आतलं मूळ सॉफ्टवेअर) रायझन ५००० सिरीजसाठी अपडेट केलंय का ते विकणाऱ्याकडून आधी वदवून घ्या, नाहीतर नवा प्रोसेसर बसवून काळ्या स्क्रीनकडे बघत बसाल आणि अपडेट मारायला जुना प्रोसेसर शोधत फिराल. नवीन पिढीचं, डीडीआर५ रॅमवालं का नाही घेतलं? बोर्ड महाग आणि रॅमही महाग. त्यात २०२५ च्या शेवटी रॅमचे भाव जे काय भडकले, ते बघून जुन्या डीडीआर४ वर थांबलो याचं बरंच वाटलं.

आणि रॅममध्येच मी माती खाल्ली.

डोकं असं लावलं की १६ जीबीची एकच स्टिक घ्यावी, पुढेमागे दुसरी टाकू. ऐकायला शहाणपणाचं वाटतं ना? पण ज्या प्रोसेसरच्या आतच ग्राफिक्स असतं त्याला स्वतःची व्हीरॅम, म्हणजे ग्राफिक्सची वेगळी मेमरी, नसते, तो तुमच्या रॅममधूनच वाटा घेतो, त्यामुळे रॅम हळू की गेम हळू. गेम लावला तर मधेच चित्र गोठायचं, सेकंदभराने पुढे पळायचं. दोन दिवस ड्रायव्हर काढ, ड्रायव्हर टाक, फॉर्मॅट मार, सगळं झालं. शेवटी टास्क मॅनेजर उघडून बघितलं तर ३२०० वेगाची म्हणून घेतलेली रॅम निवांत २४०० वर चाललीय, कारण बायोसमध्ये एक्सएमपी (रॅम तिच्या छापील वेगावर चालवायची सेटिंग) चालू करायचं असतं हे माझ्या गावीच नव्हतं. म्हणजे हिशोब बघा. एक स्टिक २४०० वर, म्हणजे सेकंदाला १९.२ जीबी. तीच ३२०० वर २५.६ जीबी. आणि ८-८ च्या दोन स्टिक ड्युअल चॅनलमध्ये, म्हणजे दोन्ही एकाच वेळी दोन वाटांनी चालतील अशा टाकल्या की ५१.२ जीबी. मी रस्त्याच्या एकाच लेनवर, तेही पहिल्या गिअरमध्ये गाडी चालवून इंजिनाला शिव्या घालत होतो.

ती स्टिक थोडा तोटा सोसून विकली, ८ च्या दोन आणल्या, प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये बसवल्या (शेजारीशेजारी लावल्या तर बहुतेक चार स्लॉटच्या बोर्डांवर ड्युअल चॅनल होतच नाही), एक्सएमपी चालू केलं आणि तोच गेम, तीच सेटिंग, पण आता खेळता येत होता. १०८० पी नाही हां, हाव नाही करायची. ७२० पी वर खेळलो. तिथे ग्राफिक्सला ९ लाखांच्या आसपास पिक्सेल काढायचे असतात आणि १०८० पी ला पावणेएकवीस लाख, म्हणजे काम निम्म्याहून कमी. ज्या गेममध्ये एफएसआर (कमी पिक्सेलचं चित्र काढून ते मोठं करून दाखवणारी सेटिंग) होतं तिथे ते चालू केलं. थोडं धूसर दिसतं, दहा मिनिटांनी डोळ्यांना सवय होते.

एसएमपीएसबद्दल (पीसीला वीज पुरवणारा डबा) मात्र मी कंजूषपणा करणार नाही असं आधीच ठरवलं होतं, तरी मोह झालाच. घरात एक जुना पडला होता, वर ठळक अक्षरात ४५० वॉट. म्हटलं वाचले पैसे. मग त्याच्या अंगावरचा तक्ता टॉर्च मारून वाचला. १२ व्होल्टच्या रकान्यात १६ अँपिअर. बारा सोळे एकशे ब्याण्णव! प्रोसेसर आणि कार्ड दोघंही १२ व्होल्टवरच जगतात, त्यामुळे त्यांच्या दृष्टीने तो ४५० चा नव्हताच, १९२ चा होता. बाकीचे वॉट तक्त्यावर इकडे तिकडे वाटलेले. ठेवून दिला परत माळ्यावर आणि ५५० चा नवा घेतला. ८० प्लसचा स्टिकर बघून भुलू नका, तो वीज किती वाया जाते ते सांगतो, आतला माल कसा आहे ते नाही सांगत. तक्ता वाचा आणि वॉरंटी किती वर्षांची देतायत ते बघा.

बाकी कॅबिनेट सगळ्यात स्वस्त, फक्त पुढून हवा आत जाईल असं जाळीचं. लाइटा नाहीत. एसएसडी ५०० जीबी.

मग आठ महिने पैसे साठवले. आणि ऐनवेळी जवळजवळ आरएक्स ६५०० एक्सटी कार्ड घेऊन बसलो होतो, नवं कोरं, वॉरंटीसकट, बजेटमध्ये. वाचलो ते एका आकड्यामुळे. ते कार्ड पीसीआयईच्या (कार्ड आणि बोर्ड यांच्यातला डेटाचा रस्ता) फक्त ४ लेन वापरतं. पीसीआयई ४.० असेल तर निभावतं, पण माझा ५६००जी ३.० चाच आहे आणि बी४५० पण ३.०, म्हणजे तो रस्ता अर्धाच. त्यात मेमरी ४ जीबी, ती भरली की माल सारखा त्याच अरुंद रस्त्याने आणायचा. झालं, परत तेच गोठणं. मी एकदा तो धडा पैसे देऊन शिकलो होतो, पुन्हा फी भरायची नव्हती.

आरएक्स ५८० पण बघितलं, २०१७ चं, ८ जीबी, स्वस्त. पण त्याच नावाने २०४८ शेडरवालंही (शेडर म्हणजे चित्राचं गणित करणारे कार्डातले छोटे भाग) विकलं जातं, खरं ५८० असेल तर जीपीयू-झेड या कार्डाची माहिती दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये २३०४ दिसायला हवेत. क्रिप्टो मायनिंगमध्ये भाजलेली आणि बायोस बदललेलीही खूप फिरतायत. शिवाय १८५ वॉट खातं. शेवटी सेकंड हँड आरएक्स ६६०० घेतलं. ८ जीबी, ८ लेन, १३२ वॉट, मेमरीचा वेग सेकंदाला २२४ जीबी. माझे ते ५१.२ आठवा. विकणाऱ्याच्या घरी बसून अर्धा तास गेम चालवून बघितला, पंख्याला कान लावला, मगच पैसे दिले. त्याला वाटलं असेल हा काय माणूस आहे.

घरी आलो, कार्ड खोचलं, ८ पिनची केबल लावली, बटण दाबलं. पंखे फिरले. स्क्रीन काळी. काढून परत बसवलं. काळी. कनेक्टर फुंकरून पुसला. काळी. अंगाला घाम, मनात त्या विकणाऱ्याच्या नावाने पूजा चालू, फोन लावला पण उचलेना. मग मॉनिटरची केबल ओढत ओढत मागे गेलो तर एचडीएमआय आठ महिन्यांच्या सवयीने मदरबोर्डलाच लावलेली. चार बोटं खाली कार्डावर लावली आणि लगेच डिस्प्ले आला. तेवढ्यात त्याचा उलटा फोन, काय झालं म्हणून. म्हटलं काही नाही हो, कार्ड मस्त चालतंय हे सांगायला केला होता.