सर्टिफिकेट परदेशी की इथलं? आधी ‘गुऱ्हाळ’ टाइप करून बघा

कोल्हापुरात राजारामपुरीच्या गल्ल्यांतून मान वर करून चाललं की कॉम्प्युटर क्लासचे दोन तऱ्हेचे बोर्ड दिसतात. एकावर ‘एमएस-सीआयटी, सीसीसी, टॅली’ आणि दुसऱ्यावर ‘इंटरनॅशनल सर्टिफिकेशन’. बारावी झालेल्या पोराचे आईवडील दोन्हींच्या मधे उभे राहून विचारतात, यातलं खरं कुठलं? खरी दोन्ही आहेत. तो कागद पुढे कोण बघणार आहे, हे आधी ठरवायला हवं.

बघणारं सरकारी कार्यालय असेल तर प्रश्न मिटला. राज्य शासनाचा ४ फेब्रुवारी २०१३ चा निर्णय भरतीच्या जाहिरातींत अजूनही सापडतो. सीसीसी (केंद्राची प्राथमिक कॉम्प्युटर परीक्षा), नाहीतर तिच्याच वरच्या ओ, ए, बी, सी यांपैकी एखादी लेव्हल, नाहीतर एमएस-सीआयटी (राज्याची तशीच परीक्षा), यातलं एक लागतं. नेमणुकीच्या वेळी नसेल तर साधारणपणे दोन वर्षांच्या आत मिळवावं लागतं. या यादीत मायक्रोसॉफ्टचं सर्टिफिकेट नाही. ते कितीही कठीण असलं तरी तलाठ्याच्या फाइलला जोडून उपयोग नाही. क्लासने स्वतःच्या लेटरहेडवर छापलेला ‘डिप्लोमा इन ऑफिस’ही तसाच निरुपयोगी. त्यावर सोनेरी अक्षरांत ‘आयएसओ प्रमाणित’ लिहिलेलं असतं. आयएसओ ९००१ हे संस्थेच्या कारभाराच्या पद्धतीचं प्रमाणपत्र आहे. त्यातून अभ्यासक्रमाला सरकारी मान्यता मिळत नाही. फी भरण्याआधी एकच विचारा : सर्टिफिकेटवर सही कुणाची? एमएस-सीआयटी चालवते २००१ साली राज्याने उभी केलेली एमकेसीएल, पण प्रमाणपत्र महाराष्ट्र राज्य तंत्र शिक्षण मंडळाचं असतं. सीसीसी ‘नायलिट’चं, म्हणजे केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स आणि माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाखालच्या संस्थेचं. तिचं जुनं नाव ‘डोएक’, म्हणून जुन्या जाहिरातींत तो शब्द दिसला तर घाबरू नका.

या दोन्हींची परीक्षा मात्र सारखी नाही. एमएस-सीआयटीत निम्मे गुण शिकता शिकता जमतात आणि निम्मे शेवटच्या ऑनलाइन परीक्षेचे. मराठीतून शिकता येतं, ही मोठी सोय. सीसीसीत ९० मिनिटांत १०० वस्तुनिष्ठ प्रश्न, चूक झाली तरी गुण कापत नाहीत, ५० ला पास आणि ८५ पासून पुढे ‘एस’ ग्रेड. क्लास न लावता थेट फॉर्म भरता येतो. इथे बरीच पोरं एका बारीक गोष्टीवर आपटतात. अभ्यासक्रम बदलून त्यात लिब्रेऑफिस (एमएस ऑफिससारखंच, पण फुकट सॉफ्टवेअर) आलं आहे. जुनं गाइड घेऊन एक्सेलचा मेनू पाठ केलेला असतो आणि पेपरात विचारतात, कॅल्कच्या, म्हणजे लिब्रेऑफिसच्या एक्सेलच्या, फाइलचं एक्स्टेन्शन काय? उत्तर ओडीएस. रायटरचं ओडीटी, इम्प्रेसचं ओडीपी. गाइड घेताना आत ‘लिब्रेऑफिस’ हा शब्द नसेल तर ते दुकानातच ठेवा.

इथल्या परीक्षांचा दोष स्पष्टच सांगतो. एकही शीट हाताने न बनवता सीसीसी पास होता येतं. योग्य पर्यायावर टिक करणं वेगळं आणि भरलेली फाइल सरळ करणं वेगळं.

इथे परदेशी परीक्षा उजव्या ठरतात. ‘आयसीडीएल’ म्हणजे ‘इंटरनॅशनल कॉम्प्युटर ड्रायव्हिंग लायसन्स’. तिचं मूळ फिनलंडमधल्या १९८८ च्या ‘कॉम्प्युटर ड्रायव्हिंग लायसन्स’च्या कल्पनेत आहे. १९९७ पासून तिचा कारभार डब्लिनहून चालतो. प्रत्येक मोड्यूलची वेगळी परीक्षा, साधारण ४५ मिनिटं, आणि पास व्हायला ७५ टक्के. अरब देशांत ती युनेस्कोच्या कैरो कार्यालयामार्फत पसरली, त्यामुळे आखातात जाणाऱ्याला तिचं नाव ऐकू येतं. इथल्या नोकरीत कुणी ती मागत नाही. मायक्रोसॉफ्ट ऑफिस स्पेशलिस्ट ही आणखी प्रत्यक्ष. एक्सेलच्या परीक्षेत ५० मिनिटं, समोर खरी फाइल, पाच-सात छोटे प्रकल्प, ‘या रकान्यावर अशी अट लावा’, ‘हा चार्ट दुसऱ्या शीटवर हलवा’ अशी कामं, आणि १००० पैकी ७०० गुण लागतात. काम अर्धवट झालं तर नुसत्या पाठांतराने गुण मिळत नाहीत. आयटी कंपनीत किंवा पुण्याच्या बॅक ऑफिसमध्ये अर्ज करणार असाल तर पैसे वसूल होतात. नाहीतर थांबा.

कारण त्या परीक्षेतली सरावाची फाइल अमेरिकी असते, आणि शिरोलीच्या फाउंड्रीत किंवा शाहूपुरीतल्या पेढीवर येणारी फाइल आपली. विंडोजचं रीजन ‘इंग्लिश (युनायटेड स्टेट्स)’ असेल आणि तुम्ही बँकेची सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेली साधी फाइल) उघडलीत, तर ०४/०७/२०२५ म्हणजे आपली ४ जुलै, पण एक्सेल ती ७ एप्रिल समजतं. काही बोलत नाही, लाल रेघ नाही. २५/०७/२०२५ मात्र त्याला कळत नाही, कारण पंचविसावा महिना नसतो. ती तारीख मजकूर म्हणून सेलच्या डाव्या कडेला चिकटून राहते. म्हणजे महिन्याच्या १ ते १२ तारखा उलट्या आणि १३ पासून पुढच्या मुक्या. (५ मे, ७ जुलै अशा दिवस-महिन्याचा आकडा सारखा असलेल्या तेवढ्या सुखरूप.) जुलैचा फिल्टर लावला की त्या महिन्याची जवळजवळ सगळी बिलं गायब. उजवी-डावी कड बघण्याची सवय लागली की हा घोटाळा दोन सेकंदांत दिसतो. उपाय : कंट्रोल पॅनेलमध्ये रीजन ‘इंग्लिश (इंडिया)’ करा, फाइल डबल क्लिक करून उघडू नका, डेटा टॅबमधल्या ‘फ्रॉम टेक्स्ट’ने आत घ्या आणि तारखेच्या रकान्याला डी-एम-वाय सांगा. उलटलेली फाइल हाताने दुरुस्त करत बसू नका, मूळ फाइलपासून सुरू करा. रीजन बदलल्यावर १,२५०,००० चे १२,५०,००० ही होतात, साहेबांना लाख मोजावे लागत नाहीत.

दुसरा सापळा पगाराच्या यादीत असतो. एक्सेल आकडा फक्त १५ अंकांपर्यंत धरतं. १६ अंकी खातं टाइप केलं की शेवटचा अंक शून्य होतो, आणि सुरुवातीचं शून्य तर आधीच उडालेलं असतं. पगार परत येतो, कामगार गेटवर उभा. रकाना आधी ‘टेक्स्ट’ करायचा, मग भरायचा. भरल्यावर टेक्स्ट केलं तर गेलेला अंक परत येत नाही.

आता मराठी. तिची परीक्षा आयसीडीएल घेत नाही, मायक्रोसॉफ्टही नाही. ग्रामपंचायत, पतसंस्था, दूध संस्था, सगळीकडे अर्ज मराठीत. लिपिक-टंकलेखकाला मराठी ३० किंवा इंग्रजी ४० शब्द प्रतिमिनिट लागतात, त्याची टायपिंगची परीक्षा राज्य परीक्षा परिषद वेगळी घेते. पण टायपिंग क्लासमध्ये बोटांना बहुतेकदा रेमिंग्टनची, म्हणजे जुन्या टाइपरायटरच्या कळांच्या मांडणीची, सवय लागते आणि कार्यालयातल्या साध्या विंडोजमध्ये मिळतो तो वेगळ्या मांडणीचा इनस्क्रिप्ट कीबोर्ड. सेटिंग्जमध्ये ‘टाइम अँड लँग्वेज’मध्ये जाऊन मराठी भाषा जोडा, विंडोज आणि स्पेसबार एकत्र दाबून अदलाबदल करा. इनस्क्रिप्टवर ‘कोल्हापूर’ला नऊ कळा : के, ए, एन, डी, यू, ई, एच, टी, जे. डाव्या हाताला बहुतेक स्वर, उजव्या हाताला बहुतेक व्यंजनं.

खरी परीक्षा ‘गुऱ्हाळ’ची. साधा र, हलन्त, ह असं टाइप केलं की रफार वर चढतो आणि ‘गुर्हाळ’ होतं. इथे शिफ्ट धरून जे दाबायचं, म्हणजे नुक्त्याचा र येतो. क्रम असा : आय, जी, शिफ्ट-जे, डी, यू, ई, शिफ्ट-एन. ‘तऱ्हा’, ‘दऱ्या’, ‘शेतकऱ्याचा’, सगळीकडे हेच. शेतकऱ्यांचे अर्ज दिवसभर टाइप करणाऱ्याला ही एक कळ माहीत नसेल तर त्याचं कुठलंही सर्टिफिकेट भिंतीवरच बरं.

याला जोडून फॉन्टचा घोळ. छपाईवाल्याकडून आलेली श्रीलिपीतली फाइल तुमच्या मशीनवर इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा कचरा दिसते, कारण आत साठलेली अक्षरं मुळात इंग्रजीच, वरून मराठी चेहरा चढवलेला. फॉन्ट नुसता ‘मंगल’ करून ती सरळ होत नाही, कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये (कुठल्याही मशीनवर मराठीच दिसणाऱ्या अक्षरांत) न्यावी लागते, आणि नेल्यावर जोडाक्षरं आणि आकडे डोळ्यांनी तपासावे लागतात.

तेव्हा क्रम माझ्या मते असा. आधी एमएस-सीआयटी किंवा सीसीसी, दोन्ही नको. लिपिकाची तयारी असेल तर त्याच्या जोडीला टायपिंग. परदेशी परीक्षा सगळ्यात शेवटी, आणि तीही फक्त एक्सेलची. फॉर्म भरताना नाव दहावीच्या मार्कलिस्टप्रमाणेच, स्पेलिंगसकट. लग्नानंतरचं नाव सर्टिफिकेटवर आणि माहेरचं मार्कलिस्टवर असलं की कागदपत्र पडताळणीच्या टेबलावर राजपत्र मागतात. तेव्हा धावपळ करायला हातात दोन दिवससुद्धा नसतात.