आमची वाटचाल: दुरुस्तीच्या बाकापासून शिवणाच्या कोपऱ्यापर्यंत

रविवार पेठेतल्या आमच्या दुकानात सुरुवातीला एकच बाक होता. त्यावर पाने, स्क्रू ड्रायव्हर, रॉकेलची बाटली आणि मशीनच्या पांढऱ्या तेलाची कुपी. काम एकच, शिलाई मशीनची दुरुस्ती. आज धंद्याचा मोठा भाग म्हणजे लोकांच्या घरी शिवणाचा कोपरा मांडून देणं. हे असं ठरवून झालेलं नाही. बाकावर आलेल्या मशीनांनीच आम्हाला तिकडे नेलं.

घरगुती मशीन ‘बिघडलं’ म्हणून येतं, तेव्हा बहुतेक वेळा त्याला काहीही झालेलं नसतं. सगळ्यांत नेहमीची तक्रार म्हणजे कापडाच्या खाली दोऱ्याचा गुंता. गुंता खाली दिसतो म्हणून माणूस बॉबिनला (खालच्या दोऱ्याच्या रिळाला) दोष देतो आणि ते रीळ बसतं त्या डबीचा, म्हणजे बॉबिन केसचा, बारका स्क्रू पिळायला लागतो. चूक असते वरच्या दोऱ्याची. फूट (कापड दाबून धरणारा भाग) खाली असताना दोरा ओवला की टेन्शनच्या, म्हणजे दोरा ताणून धरणाऱ्या, चकत्या मिटलेल्या असतात, दोरा त्यांच्यामध्ये बसत नाही, वरच तरंगतो. मग वरून हवा तेवढा दोरा सुटतो आणि खाली वेटोळी होतात. उपाय फुकटचा आहे: फूट वर करा, दोरा काढून पहिल्यापासून ओवा. तोवर बॉबिनचा स्क्रू फिरवून झाला असेल, तर केसमधून निघालेल्या दोऱ्याला केस लटकवा आणि हाताला हलका झटका द्या. केस इंच-दोन इंच खाली सरकून थांबली पाहिजे. सरसर खाली आली तर सैल, जागची हललीच नाही तर घट्ट. स्क्रू एका वेळी पाव फेऱ्यापेक्षा जास्त फिरवायचा नाही.

दुसरी तक्रार ‘जड चालतं’. त्यामागे पुष्कळदा खोबरेल तेल असतं. घरात हाताशी असतं म्हणून लोक तेच घालतात. उन्हाळ्यात मशीन झकास पळतं, पण खोबरेल साधारण २४ अंशांखाली गोठतं आणि पुण्यात डिसेंबरची सकाळ त्याच्या बरीच खाली जाते. शिवाय जुनं खोबरेल चिकट होऊन त्यात दोऱ्याची भुकटी अडकते आणि फिरत्या भागांपाशी राळेसारखा थर जमतो. असं मशीन आम्ही रॉकेलने धुतो, चाक हाताने फिरवत राहतो, सगळं पुसून कोरडं करतो आणि मग प्रत्येक भोकात पांढऱ्या तेलाचा एकेक थेंब सोडतो. तेल घातल्यावर चिंधीवर दोन-तीन मिनिटं शिवायचं, नाहीतर पहिला डाग नव्या कापडावर पडतो. घरी करायचं असेल तर मोटारची पिन काढून आणि गॅसपासून लांब बसून.

तिसरी तक्रार टाके सुटण्याची. इथे सुई बघायची. घरगुती मशीनच्या सुईच्या दांड्याची एक बाजू सपाट असते आणि लांब खाच तिच्या विरुद्ध बाजूला. दोरा खाचेच्या बाजूने आत जातो, सपाट बाजू शटलच्या (खाली वरचा दोरा पकडणाऱ्या भागाच्या) टोकाकडे राहते. जुन्या काळ्या मशीनमध्ये (हा साचा सिंगर कंपनीच्या १५ क्रमांकाच्या घराण्यातला) बॉबिन डावीकडून बसते आणि शटलचं टोक सुईच्या उजवीकडून जातं, म्हणून सपाट बाजू उजवीकडे आणि दोरा डावीकडून उजवीकडे ओवायचा. समोरून बॉबिन बसणाऱ्या पांढऱ्या मशीनमध्ये सपाट बाजू मागे आणि दोरा पुढून मागे. एकाच घरात दोन्ही मशिनं असली की सुई हमखास उलटी लागते. कधी कारखान्यातल्या मशीनची पूर्ण गोल दांड्याची सुई घरच्या मशीनला लावलेली सापडते. दांडा बारीक असल्याने ती पकडीत नीट धरली जात नाही आणि थोड्या वेळाने तिरकी होऊन मोडते.

ह्यातून आम्ही दुकानात सुया आणि दोरे ठेवायला लागलो. नुसत्या ठेवल्या नाहीत, बरणीवर कापडाचं नाव लिहिलं. मलमल, रुबिया, अस्तर ह्यांना ११ नंबर. पॉपलीन आणि रोजच्या कुर्त्याच्या सुतीला १४. चादर, कॅनव्हास, जाड पडद्याला १६. जीन्सच्या चार थरांना १८. होजिअरीला गोल टोकाची, कारण साधी सुई विणीचा धागा तोडते आणि धुतल्यावर तिथे भोक उसवत जातं. खणाला १४ चालते, पण सुई नवी हवी. बोथट सुईने खणाचे धागे ओढले जाऊन रेघ उमटते, ती इस्त्रीनेही जात नाही. आठेक तास शिवण झालं की सुई बदलावी, हे आम्ही प्रत्येक गिऱ्हाईकाला सांगतो. सुई ही मशीनमधली सर्वांत स्वस्त वस्तू आणि लोक काटकसर नेमकी तिथेच करतात.

त्यानंतर आम्ही कापलेल्या कापडाचे तयार संच विकायला काढले, आणि तिथे सपाटून आपटलो. पहिला संच उशीच्या अभ्र्याचा होता. वस्तूची निवड आजही योग्यच वाटते. नवशिक्याने ब्लाउजपासून सुरुवात करू नये. कटोरी आणि बाही जोडताना दोन वेगळ्या वळणांच्या कडा एकत्र आणाव्या लागतात, तिथेच उत्साह संपतो. अभ्र्यात सगळी शिवण सरळ. चूक कापडात होती. सुती कापड पहिल्या धुण्यात आटतं, लांबीत शेकडा ३ ते ५ तर सहज. आम्ही न धुतलेलं कापड बरोबर मापाने कापून दिलं. अभ्रे शिवून झाले, धुतले, आणि उशा आत जाईनात. दुसरी चूक पन्ह्याची, म्हणजे कापडाच्या रुंदीची. ३६ इंच पन्ह्यात १८ इंचांचे दोन तुकडे बसतात असं आम्ही कागदावर मांडलं. किनार सोडून आणि आटल्यावर हातात ३५ इंचसुद्धा उरत नाहीत.

नंतर बसवलेलं माप असं, १७ × २७ इंचांच्या उशीच्या दोन अभ्र्यांसाठी. ४४ इंच पन्ह्याचं पॉपलीन पावणेदोन मीटर घ्यायचं. रात्रभर साध्या पाण्यात भिजवायचं, सावलीत वाळवायचं, किंचित ओलसर असतानाच इस्त्री करायची. मग १८ × ६२ इंचांचे दोन तुकडे. ६२चा हिशोब: मागची बाजू २७, पुढची २७, उशी आत अडकून राहावी म्हणून झाकण ६, आणि दोन्ही टोकांच्या दुमडींना एकेक इंच. टोकं अर्धा इंच, परत अर्धा इंच अशी दुमडून शिवून घ्या. कापड सुलट बाजू वर करून पसरा, एका टोकापासून २७ इंच आत दुमडा, म्हणजे सुलटीवर सुलट येईल. पलीकडे उरलेले ६ इंच त्याच्या वरून दुमडा. दोन्ही लांब बाजू कडेपासून अर्धा इंच सोडून शिवा. झाकणाच्या जागी तीन थर येतात, तिथे हाताने चाक फिरवत जा. कच्च्या कडांवर झिगझॅग मारा. साधं काळं मशीन असेल तर कडेलगत आणखी एक शिवण. उलटा करून कोपरे बोथट पेन्सिलीने बाहेर काढा. कात्रीचं टोक वापरलं की कोपऱ्यातून बाहेर येतं.

उरलेली पट्टी टाकायची नाही. पिशवीचे बंद तिच्यातूनच निघतात.

संच नीट चालू लागले तरी एक गोष्ट खटकत होती. पहिला संच नेणारे दुसरा न्यायला येत नव्हते. कारण मशीन ठेवण्याच्या जागेत होतं. पलंगाखालून बाहेर काढायचं, जेवणाच्या टेबलावर मांडायचं, संध्याकाळी पोळ्यांच्या वेळेला परत आत. काळ्या मशीनचं डोकं बिडाचं, दहा-बारा किलोचं. रोज कोण उचलेल? ज्यांचं मशीन कायम मांडलेलं असतं, मग ते गॅलरीच्या दाराशी का असेना, त्यांचं शिवण चालू राहतं. तेव्हापासून आम्ही कोपरे मांडतो.

चार फूट लांब आणि दोन फूट रुंद जागा पुरते. उंचीत मात्र सगळे फसतात. साधं टेबल ३० इंचांचं. त्यावर मशीन ठेवलं की शिवणाची पातळी आणखी तीनेक इंच वर जाते, कोपर उचलावं लागतं आणि तासाभरात खांदे भरून येतात. बसल्यावर कोपर काटकोनात ठेवून तळवा मशीनच्या पट्टीवर सहज टेकला पाहिजे. त्यासाठी एकतर टेबल २७ इंचांचं करायचं किंवा फळीत खाच कापून मशीन आत बसवायचं. फळी १९ मिलिमीटर प्लायची. १२ मिलिमीटरची घेतली की वेगात मशीन नाचतं आणि टेबलाचे पाय मागून तिरक्या पट्टीने बांधलेले नसले तर टेबल भिंतीवर ढुशा देतं.

मशीन टेबलाच्या मधोमध ठेवायचं नाही, हे पटवायला आम्हाला सर्वांत जास्त वेळ लागतो. मधोमध छान दिसतं खरं. पण पडदा किंवा चादर शिवताना कापडाचा भार डावीकडे येतो. तिथे जागा नसेल तर कापड खाली लोंबतं, सुईला ओढतं, टाके आखडतात आणि शेवटी सुई तिच्या खालच्या पाटीवर आपटून मोडते. चार फुटी टेबलावर सुई डाव्या कडेपासून ३० इंचांवर यावी. तसंच टेबल भिंतीला चिकटवू नये. मागे आठ-दहा इंच सोडले नाहीत तर शिवलेलं कापड भिंतीला अडून परत सुईकडे येतं.

उजेड डावीकडून हवा. मशीनचा खांब उजवीकडे असतो, त्या बाजूच्या दिव्याने सुईवरच सावली पडते. खिडकी डावीकडे मिळाली तर उत्तम, नाहीतर वाकवता येणारा पांढरा एलईडी दिवा. काळ्यावर काळं शिवण मात्र दिवसाच करावं.

इस्त्री हाताशी ठेवावी की नाही, यावर आमच्यातच दोन मतं आहेत. आम्ही बहुधा तीन पावलांवर, उभं राहून करता येईल अशा उंचीवर ठेवतो. प्रत्येक शिवणीनंतर इस्त्री फिरवायची असते, त्या निमित्ताने पाठ सरळ होते. हजार वॉटची इस्त्री आणि मशीन एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर लावू देत नाही, इस्त्रीला भिंतीतला वेगळा पॉइंट.

कापायची जागा बहुतेक घरांत नसतेच. पलंगावर गादी दबते आणि खालचा थर सरकतो. जमिनीवर कंबर जाते. स्वयंपाकाचा ओटा उंचीला बरा, पण कितीही पुसला तरी तेलाचा हात लागतोच. जेवणाच्या टेबलाच्या चार पायांखाली पाच-सहा इंचांचे लाकडी ठोकळे, वर पाय बसेल एवढी अर्धा इंच खोल खाच कोरलेले, एवढ्यात काम होतं. उंची ३५ इंचांच्या आसपास येते. कागदाची कात्री वेगळी आणि कापडाची वेगळी, कापडाच्या कात्रीच्या मुठीला लाल दोरा बांधलेला. घरातल्या कुणाला तो दोरा समजत नाही हे खरं, पण निदान भांडायला पुरावा राहतो.

कापड एकावर एक रचलं की खालचं कायमचं खालीच राहतं. आठ इंच रुंदीच्या पुठ्ठ्याला गुंडाळून वह्यांसारखं उभं लावावं. पुठ्ठ्याच्या वरच्या कडेवर पेन्सिलने तीन गोष्टी: लांबी, पन्हा, धुतलं का. हुक, बटणं, टिचबटणं, बॉबिन ह्यांच्यासाठी विकतच्या खणांच्या पेट्यांपेक्षा जुना मिसळणाचा डबा बरा, सात वाट्या आणि घट्ट झाकण. धुवून उन्हात वाळवा मात्र, हळदीचा डाग अस्तरावर बसला तर निघत नाही. पावसाळ्यात, आणि कोकणातल्या घरांत तर बारा महिने, सुयांना गंज धरतो. तेलाचा हात लावलेल्या फ्लॅनेलच्या तुकड्यात सुया खोचून ठेवायच्या आणि वापरण्याआधी पुसायच्या. पायाच्या मशीनचा चामड्याचा पट्टा ह्याच दिवसांत दमटपणाने सैल पडून घसरतो. अर्धा इंच कापून तारेची कडी पुन्हा बसवली की पकडतो, नवा घ्यायची घाई नको.

अलीकडे गोधडीसाठी विचारणा वाढली आहे, जुन्या सुती साड्यांची, मशीनवर. हाताने गोधडी घालताना पुष्कळजणी कडेपासून सुरू करून आत येतात. मशीनवर तसं केलं की मधे फुगा जमतो, कारण खालचे दाते खालचा थर पुढे नेतात आणि फूट वरचा थर मागे दाबून धरतं. म्हणून मशीनवर मधून सुरुवात करून बाहेर जायचं, आधी मुठीएवढ्या अंतराने सेफ्टी पिना लावायच्या, टाका तीन-साडेतीन मिलिमीटरचा ठेवायचा. साड्यांचे चार थर बस. सहा झाले की घरगुती मशीन चालतं, पण गोधडी गुंडाळून त्याच्या सुई आणि खांब यांच्यामधल्या जागेत मावत नाही.

सध्या बाकावर एका खोलीच्या घरांसाठी भिंतीला मुडपणारी फळी तयार होते आहे. सहा-सात किलोच्या पांढऱ्या मशीनपुरतीच. बिडाचं डोकं तिच्यावर ठेवू नये. विटेच्या भिंतीत चार इंची फास्टनरने ती पक्की बसते. जिप्समच्या पार्टिशनला लावून द्यायची मागणी आली, तर आम्ही नाही म्हणतो आणि चाकांची ट्रॉली दाखवतो, जिच्या चारही चाकांना कुलूप आहे.