माळ्यावरची झाडलोट आणि ३७ अंश

मे संपत आला की कुडाळच्या आमच्या घरी माळा झाडायचा कार्यक्रम असतो. यंदा काका केरसुणी घेऊन शिडी चढले आणि वाघळांच्या लेंड्यांचा कोरडा धुरळा माजघरात उतरायला लागला. मी खालून ओरडले, "काका, आधी पाणी शिंपडा!" आजी म्हणाली, "कित्याक गो बोंबलतंस?"

कारण हिस्टोप्लाझ्मा. पक्ष्यांची, वटवाघळांची विष्ठा पडून कसदार झालेल्या मातीत राहणारी बुरशी; कोरड्या धुरळ्यातून श्वासात गेली की छातीचा आजार करू शकते. आमच्या माळ्यावर ती असेलच असं नाही, पण मी तिच्याकडून एकदा फसलेय. एमएस्सीला प्रॅक्टिकलमध्ये तिच्या दोन तयार स्लाइड्स होत्या. एकीत लांब धागे आणि काटेरी गोल बीजाणू, दुसरीत पेशीत खच्चून भरलेले २ ते ४ मायक्रॉनचे ठिपके. मी जर्नलात बिनधास्त दोन वेगळ्या बुरश्या लिहिल्या. लाल रेघ! (सॅम्युअल डार्लिंगने १९०५ साली पनामात हे ठिपके पहिल्यांदा पाहिले, तेव्हा त्याला ती बुरशी आहे हेही कळलं नव्हतं. एकपेशीय प्राणी वाटले. तेवढंच समाधान.)

२५ अंशांना ही धागे काढते. बीजाणू श्वासातून छातीत गेले, ३७ अंशांची ऊब लागली, की तीच यीस्ट होते, म्हणजे धागे सोडून सुट्या गोल पेशी; दुसऱ्या स्लाइडवरचे ठिपके तेच. जनुकं तीच, चालू कुठली आणि बंद कुठली ते बदलतं. रिप१ हे प्रथिन यीस्टची जनुकं चालू करतं. ते नसलं तर बुरशी ३७ अंशांतही धागेच काढत बसते. ड्रक१ नावाचं जनुक दाबलं तरी तेच, आणि उंदरांना रोगही होत नाही, हे २००६ साली दाखवलं गेलं. यीस्ट झाल्यावर चालू होणाऱ्या जनुकांतलं सीबीपी१ मला सगळ्यात डांबरट वाटतं. बुरशीला गिळणाऱ्या आपल्याच पेशीला मारायला ते लागतं.

आजीला मी आंबोळ्यांच्या पिठावरून सांगायला गेले. श्रावणात पीठ येत नाही म्हणून ती टोप वायलावर ठेवते ना. "मगे ह्येच्यात नवीन काय? ऊब लागली की पीठ येताच." पण पीठ उबेने नुसतं लवकर येतं गं, ही उबेने रूपच पालटते! तोवर ती उठून गेली होती.

काकांनी कुरकुरत एन-९५ लावला. लेंड्यांची गोणी माडाच्या आळ्यात गेली, तीही मी भिजवूनच ओतायला लावली.