कावेरीची बॅच: खरखर नाही, तरी आ वासून श्वास

माझ्या कावेरी जातीच्या कोंबडीच्या पिल्लांना दम लागला होता. शेवटी पोस्टमॉर्टेमनेच निकाल लावला. फुप्फुसात बाजरीच्या दाण्याएवढ्या पिवळट गाठी. अ‍ॅस्परजिलोसिस, म्हणजे ब्रूडरमधला (पिल्लांना ऊब देण्याच्या जागेतला) बुरशीचा न्यूमोनिया. मानमोडी (राणीखेत) नाही, सीआरडी हा कोंबड्यांचा जुनाट श्वसनरोगही नाही.

लासोटा, म्हणजे मानमोडीची लस, दिल्यावर पिल्लं थोडी कुरकुरतात, तसंच असेल असं आधी वाटलं होतं. पण लासोटाची रिअ‍ॅक्शन असो की सीआरडी, रात्री शेडमध्ये शांतता झाली की खरखर कानावर येतेच. इथे पिल्लू कानाला लावून ऐकलं तरी काही आवाज नाही. मान वर ताणलेली, चोच उघडी, प्रत्येक श्वासाला शेपूट खाली-वर. ही खूण लक्षात ठेवा. एका मित्राने लगेच टायलोसिन सुचवलं. बुरशीवर अँटिबायोटिक काय करणार? यावर खात्रीचं औषध नाही. एका पिल्लाकडून दुसऱ्याला हा रोग लागत नाही, एवढाच दिलासा. बुरशीचे बीजाणू येतात गादीतून, म्हणजे खाली पसरलेल्या तुसातून, नाहीतर खाद्यातून, म्हणून आधी ते काढायचं.

खाद्य ताजं होतं, म्हणून तुसाकडे वळलो. भात गिरणीतून आणलेलं पोतं वरून खडखडीत. तळ उलटा केला तर हिरवट-करडे गोळे, आणि हाताने फोडले की धूर उडावा तशी पूड. मावळातल्या पावसात गिरणीबाहेर उघड्यावर पडलेलं तूस वरून वाळतं आणि आत तापतं. गिरणीवाला म्हणाला, “सगळे हेच नेतात.” नेत असतील.

सगळी गादी काढली, शेड धुऊन कोरडी केली, मोरचुदाचं (कॉपर सल्फेटचं) पाणी फवारलं, आणि ब्रूडरमध्ये नवं तूस ताडपत्रीवर वाळवून, चाळून घातलं. चाळताना तोंडाला मास्क लावा, ते बीजाणू आपल्या छातीलाही बरे नाहीत. दम लागलेली पिल्लं वाचली नाहीत. बाकीची आता दाण्यावर तुटून पडतात.

एक गोष्ट मात्र मस्त जमली. मागच्या अपडेटमध्ये सांगितलेली निप्पल लाइन, म्हणजे चोचीने टोचलं की थेंब देणारी पाण्याची नळी. पाण्याच्या भांड्याभोवतीचा चिखल गेला. मूठभर तूस दाबलं की क्षणभर गोळा होतो आणि हात उघडताच सुटतो. गादी अशीच हवी. गोळा तसाच राहिला तर ती ओली, अजिबातच धरला नाही तर धूळ उडणार.

आता चुन्याबद्दल, कारण आपल्यातले बरेच जण ओल्या गादीवर चुना मारतात. चुन्याने गादी अल्कधर्मी होते आणि विष्ठेतला अमोनिया उलट सुटायला लागतो, म्हणून त्या रात्री डोळे चुरचुरतात. उभ्याने वास घेऊन उपयोग नाही, पिल्लाच्या उंचीला वाका. अमोनिया २५ पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत २५ भाग) वर गेला की श्वासनळीतले बारीक केस लुळे पडतात, मग धूळ आणि जंतू सरळ आत. मी आता गादी फक्त उलथतो आणि ओला भाग उचलून टाकतो. पहिल्या आठवड्यात ऊब ३५ अंश लागते म्हणून पडदे गच्च बांधणारे पाहिले की जीव कासावीस होतो. वरून वीतभर मोकळं ठेवा, अमोनिया तिथूनच निघतो.

पुढच्या बॅचला तूस बंद, रंध्याचे छिलके, असं ठरवून हे लिहायला बसलो होतो. भुसा नाही हं, बारीक भुसा पिल्लं खातात आणि धूळही तोच करतो. पण जवळचा फर्निचरवाला प्लायवूड रंधतो, त्यात गोंद आलाच. शेंगांची टरफलं? तीही ओल धरतात आणि बुरशी लवकर येते.

लिहिता लिहिता वेगळंच डोक्यात आलं. पावसाळ्यात बॅच घ्यायचीच कशाला? दिवाळीनंतर भात मळला की ताजं तूस मिळतं. तेव्हाच वर्षाचं घ्यायचं, उन्हात वाळवायचं आणि फळीवर, जमिनीपासून उंच रचायचं. श्रावणातली ग्रामप्रिया जातीच्या पिल्लांची ऑर्डर म्हणून उद्याच रद्द करतोय.

आरा मशीनवरचे बाभळीचे किंवा आंब्याचे जाड छिलके पुणे-लोणावळा पट्ट्यात कोणाला मिळत असतील तर पोत्याचा भाव सांगा. हिवाळ्यात निम्म्या ब्रूडरमध्ये ते आणि निम्म्यात तूस घालून बघायचंय.