लाकडाचा खड्डा

26 डिसेंबर 2019. मार्गशीर्षातला शेवटचा गुरुवार, त्यात अमावस्या, आणि त्यावर सूर्यग्रहण. ओपीडीत कोणी फिरकणार नाही हे ठरलेलंच होतं. बेळगावात ग्रहण सकाळी आठनंतर लागलं ते अकराच्या सुमारास सुटलं. तोवर आमच्या फिजिओथेरपी विभागात मी, पाच इंटर्न आणि हवा गेलेले दोन मोठे चेंडू. म्हटलं, चला, वर्ग तरी घेऊ.

आमच्याकडे शिकवायचं इंग्रजीत आणि पेशंट मराठी नाहीतर कन्नड. त्यामुळे चंदगडकडच्या मुलांना आधी कुंद्रु, निंद्रु, नडी पाठ करायला लावते आणि धारवाडकडच्यांना बस, उभा राहा, चल. 'सावकाश' मात्र दोन्हीकडे चालतं. आमच्या कामात सगळ्यात जास्त लागणारा शब्द तोच, हे एक बरं.

बाराला जांबोटीच्या पुढच्या एका वाडीतून आजी, सून आणि तीन वर्षांचा नातू आले. पाच महिने येत होते. पोरगं सातव्या महिन्यातच झालेलं. पायांकडे जाणारे मज्जामार्ग मेंदूतल्या पोकळ्यांना अगदी खेटून जातात आणि मुदतीआधी आलेल्या बाळाला इजा व्हायची ती नेमकी तिथंच. म्हणून हातांनी तो चिवड्यातले शेंगदाणे वेचून खायचा, पण उचलून उभा धरला की पायांची कात्री व्हायची आणि टाचा अधांतरी. केस शिकवायला चांगली. (हे वाक्य आईबापांसमोर कधी बोलू नये. मी एकदा बोलले आहे.) सेरेब्रल पाल्सीच्या मुलाला हालचाल कितपत जमते हे सांगणाऱ्या जीएमएफसीएसच्या पाच पातळ्या 1997 साली कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठातून आल्या. 'यातली कुठली?' असं इंटर्नना विचारत मी त्याच्या पायातले प्लास्टिकचे बूट सोडले.

बोटांच्या बेचक्यात तांबडी माती. नखांत माती. गुडघ्यामागच्या वळीत वाळून पापुद्रा धरलेला. आंघोळ घातलेली दिसत होती, पण घाईची.

सून खाली बघत राहिली. आजीच म्हणाल्या, "गळ्यापत्तर नाही ओ बाई. कंबरेपत्तरच. सुटेपत्तर ठेवला, मग लगेच काढला."

ग्रहणात अधू पोराला मातीत उभं पुरलं की पाय येतात, ही समजूत उत्तर कर्नाटकात जुनी. त्याच दिवशी कलबुर्गीकडे मुलांना गळ्यापर्यंत पुरल्याच्या बातम्या नंतर टीव्हीवर आल्या. एक इंटर्न हसला. मी त्याच्याकडे डोळे वटारले आणि मग स्वतःच आजींवर घसरले. डिसेंबरची थंडी, ओली माती, पोराला आकडी आली असती म्हणजे? छातीवर मातीचा दाब आला तर श्वास कसा घेणार? आखडलेला स्नायू थंडीनं आणखी आवळतो, एवढंही कळत नाही? आवाज चढला होता माझा. पोरगं रडायला लागलं.

आजींनी त्याला उचलून घेतलं आणि कोपऱ्यातल्या स्टँडिंग फ्रेमकडे बोट केलं. "मग तुमी त्या लाकडात तासभर बांधून घालताय ते काय? तो खड्डाच की. लाकडाचा."

कोणी हसलं नाही या वेळी.

पाच महिन्यांत त्याला त्या फ्रेममध्ये किती वेळा उभं केलं असेल! 'रोज 45 मिनिटं ते तासभर' हे मी केसपेपरवर लिहिलं होतं. का, ते घरच्यांना एकदाही सांगितलं नव्हतं. विद्यार्थ्यांना मात्र दरवर्षी फळ्यावर आकृती काढून सांगते.

मग जमिनीवर बसले. उखळाचा दाखला घेतला. जन्मतः खुब्याची वाटी उथळ असते. पोर उभं राहतं, चालतं, तसा मांडीच्या हाडाचा गोळा तिच्यात दाबला जातो आणि वाटी खोल होत जाते. उभंच राहिलं नाही तर वाटी उथळ राहते, आणि आखडलेले स्नायू तो गोळा हळूहळू बाहेर ओढतात. म्हणून खुब्याचे एक्स-रे काढायचे. म्हणून फ्रेममध्ये पाय फाकवून बांधायचे. मातीत पाय जसे जातील तसेच राहतात, कात्रीतच. आणि खड्डा एका सकाळचा, हे रोजचं.

आजींनी एक्स-रे उजेडाकडे धरला, बराच वेळ. "हिकडची उथळ हाय," म्हणाल्या. बरोबर होतं. डावीकडचीच. इंटर्नपैकी दोघांना ती दिसली नव्हती.

गोनिओमीटर, म्हणजे सांध्याचा कोन मोजायची पट्टी, लावला. मांड्या फाकायचं माप मागच्या वेळेइतकंच, दोन्हीकडे. मातीनं काही दिलं नाही, काही नेलंही नाही. आजींनी आकडा विचारला, मी सांगितला.

जानेवारीत वाडीतल्या सुताराला बसनं घेऊन आल्या. त्यानं फ्रेमची मापं सुतळीनं घेतली, गाठी मारून. फणसाच्या फळ्या वापरल्या. छातीचा पट्टा पहिल्यांदा फार वर बसवला होता, काखेत रुतायचा, तो मी फोनवर सांगून खाली घ्यायला लावला. पुढच्या खेपेला विचारलं, उभा करता का रोज? सून पहिल्यांदाच आपणहून बोलली, "रोज सांजेला खड्ड्यात घालतो, मॅडम. शेजारी तांदूळ निवडत बसतो."

हसलेल्या त्या इंटर्ननं केसपेपरवर लिहिलं: खड्डा, 50 मिनिटं. मी खाली सही केली.