एडिनबरामध्ये आफ्रिकेचे कंद: थंडीपेक्षा पावसाची वेळ सांभाळा

गुलटेकडीच्या फुलबाजारातला ग्लॅडिओलस, तळेगावच्या पॉलिहाऊसमधला जरबेरा, मे महिन्यात कुंडीतून एकदम वर येणारी फुटबॉल लिली. पुण्याच्या रोजच्या ओळखीची ही तिन्ही फुलं आफ्रिकेकडची. तिकडचेच कंद स्कॉटलंडमध्येही हौसेनं लावतात. पुण्याहून आलेल्या माणसाला पहिली शंका थंडीचीच येते, पण इथे कंद मरतात ते बहुतेक वेळा चुकीच्या महिन्यात मुळाशी राहिलेल्या ओलीनं.

पुणे आणि एडिनबरा, दोन्हीकडे वर्षाचा पाऊस साधारण ७०० मिलिमीटरच्या आसपास. पुण्यात तो चार महिन्यांत उरकतो, इथे बाराही महिने थोडा थोडा पडत राहतो. दक्षिण आफ्रिकेत मात्र दोन वेगळे हिशेब आहेत. केपटाउनच्या बाजूला पाऊस हिवाळ्यात, मे ते ऑगस्ट. तिथले कंद हिवाळ्यात वाढतात आणि उन्हाळाभर कोरड्या मातीत झोपतात. पूर्वेला ड्रेकन्सबर्गच्या डोंगरात पाऊस उन्हाळ्यात. तिथले कंद उन्हाळ्यात वाढतात आणि थंडीत झोपतात. कंद हातात आला की तो यांतल्या कुठल्या बाजूचा, हे आधी विचारा. खत, माती, कुंडी हे सगळं नंतर.

नेरिन या कंदफुलाचं उदाहरण घ्या, कारण त्याच्या एकाच वंशात दोन्ही हिशेब सापडतात. नेरिन बोवडेनी पूर्वेकडची. ती इथे दक्षिणेकडे तोंड असलेल्या भिंतीलगत उघड्यावर राहते, उणे १० अंशांच्या आसपासची थंडीही सोसते. लावताना कंदाची मान मातीच्या वर ठेवायची. खोल पुरली की पानं येतात, फूल येत नाही. नेरिन सारनिएन्सिस केपची, टेबल माउंटनवर आढळणारी. तिची पाकळी उन्हात जवळून पाहिली तर लाल रंगावर सोन्याची बारीक पूड भुरभुरल्यासारखी चमक दिसते. बोवडेनीच्या गुलाबी पाकळीत ती तेवढी नसते, आणि संकर करणाऱ्यांचा सगळा जीव या चमकेत अडकलेला असतो.

सारनिएन्सिसला काचघर हवंच. हिवाळ्यात ते ३ ते ५ अंशांच्या खाली जाऊ द्यायचं नाही, पण खिडक्या शक्य तितक्या उघड्या ठेवायच्या. डिसेंबरात इथे दिवस जेमतेम सात तासांचा. एवढ्या कमी उजेडात ऊब वाढवली की पानं लांबट आणि लुळी होतात, त्यावर राखाडी बुरशी धरते आणि ती मानेतून कंदात उतरते. मातीत दोन भाग पोयटा, दोन भाग जाड वाळू किंवा बारीक खडी, एक भाग पानकुज. चुनखडीची खडी घालू नका, या कंदाला किंचित आम्ल माती लागते. तीन कंदांना १३ सेंटीमीटरची कुंडी पुरते. मोठी कुंडी ओल धरून ठेवते, आणि दाटीत वाढलेले कंद जास्त फुलतात. शेणखत नको. नत्र वाढलं की पानं माजतात आणि फूल जातं. पानं हिरवी असताना टोमॅटोला देतात ते पालाशयुक्त खत निम्म्या ताकदीनं द्या, बास. मे महिन्यात पानं पिवळी पडू लागली की पाणी तोडायचं आणि कुंड्या काचघरातल्या सर्वांत उन्हाच्या फळीवर ठेवायच्या. ऑगस्टअखेर मानेतून कळीचं टोक दिसलं की पुन्हा पाणी.

आता संकर. नेरिनच्या फुलात परागकोश आधी फुटतात, कुक्षी काही दिवसांनी तयार होते. आईच्या झाडाची कळी उमलता उमलता सहाही पुंकेसर चिमट्यानं काढून टाका. याला उशीर झाला तर त्याच तुऱ्यातल्या शेजारच्या फुलाचा पराग लागतो आणि पुढची चार वर्षं फुकट जातात. बापाचे परागकोश कागदावर दिवसभर सुकवून सिलिका जेलबरोबर घट्ट झाकणाच्या डबीत भरा. फ्रिजमध्ये ते काही आठवडे टिकतात, फ्रीझरमध्ये पुढच्या हंगामापर्यंत. दोन जाती एकाच वेळी फुलत नसतील तर हाच मार्ग. कुक्षीच्या टोकाला तीन फाटे दिसले आणि ते ओलसर वाटले की पराग लावा, दुसऱ्या दिवशी पुन्हा लावा. चिठ्ठी त्याच क्षणी बांधा: आधी आईचं नाव, मग गुणाकाराची खूण, मग बापाचं.

साधारण सहा ते आठ आठवड्यांत फळाची पातळ साल फाटते आणि आत हिरवे, मांसल दाणे दिसतात. हे बी सुकवून पाकिटात ठेवायचं नसतं. सुकलं की मेलं. कधी कधी तर दांड्यावर असतानाच त्याला कोंब येतो. ट्रेमधल्या वाळूमिश्रित मातीवर दाणा अर्धा दाबायचा, वरून झाकायचा नाही, आणि १० ते १५ अंशांत उजेडात ठेवायचा. पहिले दोन उन्हाळे रोपं पूर्ण कोरडी पाडू नका, इवल्याशा कंदात तेवढा साठा नसतो. फूल यायला तीन ते पाच वर्षं, कधी त्याहून जास्त. पहिल्या फुलावरून रोप टाकूनही देऊ नये आणि त्याला नावही देऊ नये. निदान दोन-तीन हंगाम पाहावं.

सारनिएन्सिसचा रंग आणि बोवडेनीचा काटकपणा एकाच रोपात यावा ही इच्छा सगळ्यांचीच. पण एकाचा वाढीचा काळ दुसऱ्याच्या झोपेचा. त्यामुळे बऱ्याच रोपांना धड विश्रांती मिळत नाही, पानं जवळजवळ वर्षभर राहतात आणि कडाक्याच्या थंडीत तीच सापडतात. इथे निवड रंगावर करण्याआधी झोपेच्या शिस्तीवर करावी, असं माझं ठाम मत आहे.

ग्लॅडिओलसची गोष्ट अशीच घडली. १८२३ साली लंडनच्या चेल्सी भागातल्या कॉलव्हिल यांच्या रोपवाटिकेत ट्रिस्टिस आणि कार्डिनॅलिस या केपच्या दोन जातींचा संकर झाला. मोठ्या फुलांचे ग्लॅडिओलस मात्र पुढे उन्हाळी पावसाच्या जाती मिसळल्यावर आले. म्हणूनच ते कंद थंडीत कोरडे काढून ठेवता येतात आणि उन्हाळ्यात उघड्या शेतात वाढवता येतात.

पुण्यात करून बघायचं असेल तर फ्रीजिया हे केपकडचंच कंदफूल घ्या. त्याच्या कंदाला झोपेत सुमारे ३० अंशांची ऊब दहा-बारा आठवडे लागते, ती पुण्याचा उन्हाळा आयती देतो. फुलासाठी मात्र माती गार हवी, म्हणून ऑक्टोबरची उष्मा सरल्यावरच लावा. मार्चमध्ये पानं वाळली की पाणी बंद. जूनच्या आत कुंडी वळचणीखाली न्या आणि सप्टेंबरअखेरपर्यंत थेंबही लागू देऊ नका. स्कॉटलंडच्या उन्हाळ्यात काचघर जे काम करतं, ते पुण्यात ही वळचण करते. कंद परदेशातून मागवणार असाल तर आयात परवाना आणि निघणाऱ्या देशाचं रोगमुक्ततेचं प्रमाणपत्र दोन्ही आधी मिळवा, आणि ते उत्तर गोलार्धातून येताहेत की दक्षिणेतून हेही विचारून घ्या. दक्षिणेतून आलेला कंद सहा महिने उलट्या घड्याळावर असतो, त्याला आपल्या ऋतूवर यायला अख्खा एक हंगाम लागू शकतो.